घारापुरीला जायचा प्लॅन करताय? आधी परतीची बोट ठरवा

इन्स्टाग्राम उघडा, दहा मिनिटं स्क्रोल करा, एक तरी रील बेटाचं येणारच. निळंशार पाणी, पांढरी बोट, हातात लिंबू सरबतासारखं काहीतरी आणि खाली लिहिलेलं असतं मायोर्का किंवा इबिझा. स्पेनची ही बेटं सध्या सगळ्यांच्या यादीत आहेत. मग आपण तिकिटाचे दर बघतो, शेंगेन व्हिसाची फी बघतो. मोठ्या माणसाला नुसत्या अर्जाचे ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास, आणि तेही व्हिसा मिळेलच याची खात्री नसताना. मग रील सेव्ह करून ठेवतो आणि झोपतो.

पण नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या दारात एक बेट आहे. अटल सेतूवरून जाताना ते दिसतं, उलवे-न्हावा बाजूच्या खाडीकिनाऱ्यावरून दिसतं. १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. परदेशातून माणसं विमानाने येऊन ते बघतात. त्याचं नाव घारापुरी, जगाच्या तोंडी एलिफंटा. आणि नेरूळ, खारघर, पनवेलमध्ये अशी कितीतरी माणसं भेटतील, जी शाळेच्या सहलीनंतर परत कधी तिकडे फिरकलेली नाहीत.

जायचं ठरवलं तर एक गोष्ट सगळ्यात आधी डोक्यात बसवायला पाहिजे. लोणावळा असो नाहीतर माथेरान, आपण 'पोचायचं कसं' एवढंच बघतो. परतीचं पुढचं पुढे. बेटाच्या बाबतीत हे चालत नाही. बेटाचा प्लॅन परतीच्या बोटीपासून उलटा करायचा असतो. आणि हे एकदा कळलं की त्या बेटावर राहणाऱ्या माणसांचं आयुष्यही निम्मं कळतं. कसं, ते बघू.

बेट नक्की कुठं आहे?

मुंबई बंदराच्या मधोमध. बोटी गेटवे ऑफ इंडियावरून सुटतात म्हणून अनेकांना ते मुंबईचं वाटतं. कागदोपत्री मात्र घारापुरी आहे रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात. म्हणजे सरकारी हिशोबाने हे बेट कुलाब्यापेक्षा आपल्याला जवळचं.

बेटावर तीन वस्त्या आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. पर्यटकांच्या बोटी शेतबंदरच्या धक्क्याला लागतात. दोन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर प्रसिद्ध लेणी, पूर्वेच्या टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात. एकूण लेणी सात, त्यातली पाच हिंदू आणि दोन बौद्ध.

गेटवेवरून अंतर दहा-अकरा किलोमीटर. साधी बोट साधारण तासभर घेते.

नवी मुंबईतून जायचं कसं?

खात्रीचा रस्ता आजही तोच जुना. हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून बस, टॅक्सी किंवा चालत गेटवे आणि मग बोट. गंमत बघा, बेट आपल्या बाजूला आणि आपण मात्र आधी उलट्या दिशेला मुंबईच्या टोकाशी जायचं आणि मग पाण्यातून परत आपल्याच बाजूला यायचं.

यावर उपाय शोधायचे प्रयत्न झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या नव्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं. त्यात बेलापूर ते घारापुरी असा मार्गही होता. पण स्पीडबोटीचं भाडं साध्या बोटीच्या कितीतरी पट. चार जणांच्या घरासाठी ते परवडण्यासारखं नव्हतं. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी. या चक्रात अशा सेवा अडकतात. त्यामुळे बेलापूरहून थेट जायचा विचार असेल, तर आदल्या दिवशी जेट्टीवर चौकशी करूनच निघा. कुणाच्या तरी जुन्या व्हिडिओवर भरवसा ठेवून थेट जेट्टीवर जाऊन उभे राहू नका.

उरणच्या बाजूने गावकऱ्यांची ये-जा पूर्वीपासून आहे. महाशिवरात्रीला घारापुरीला भाविकांची मोठी गर्दी होते, तेव्हा या बाजूच्या बंदरांवरूनही बोटी सुटतात. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण रेल्वे सुरू झाल्यापासून नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणं सोपं झालंय. पण एरवीच्या दिवशी पर्यटकांच्या बोटी ठरलेल्या वेळेला मिळतात त्या गेटवेवरूनच.

आता परतीपासून उलटा हिशोब करू

पहिली गोष्ट, सोमवारी लेणी बंद. सुट्टी जोडून सोमवार धरला असेल तर प्लॅन तिथेच मोडला.

गेटवेवरून पहिली बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते. दुपारनंतर जायच्या बोटी थांबतात. बेटावरून शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. पर्यटकांनी बेटावर मुक्काम करायचा नाही, त्याच दिवशी परतायचं, अशी इथली रीत आहे. त्यामुळे ही बोट चुकणं म्हणजे लोकल चुकणं नाही. पुढची चार मिनिटांनी येत नाही.

आता मागे मोजत जा. शेवटच्या बोटीला सगळं बेट एकदम धक्क्यावर येतं. गर्दी, ढकलाढकली, थकलेली मुलं, उतरतं ऊन. म्हणून आपण शेवटची बोट धरायचीच नाही. साडेतीनची धरायची. साडेतीनला धक्क्यावर यायचं तर तीनला टेकडीवरून उतरायला लागायचं. त्याआधी जेवण आणि वरच्या तोफा बघायला दोन तास. त्याआधी लेण्यांना दोन तास. म्हणजे अकराला लेण्यांच्या दारात पोचायला हवं. धक्का ते लेणी चालत अर्धा तास, म्हणजे साडेदहाला उतरायचं. बोटीचा एक तास धरला तर गेटवेवरून साडेनऊची बोट. वाशीहून आठच्या आत आणि पनवेलहून सात-सव्वासातला लोकल पकडली की हे जमतं.

"एवढ्या लवकर सुट्टीच्या दिवशी?" असं घरून येणारच. तर सांगायचं, अकरा वाजता निघालो तर दीड-दोनला भर उन्हात पायऱ्या चढाव्या लागतील, मुख्य लेणं गर्दीतून बघावं लागेल आणि साडेपाचच्या बोटीत उभं राहून यावं लागेल. निर्णय तुमचा.

महिना कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात बेट हिरवंगार असतं, पण समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात. तेव्हा त्या दिवसाचा अंदाज बघूनच निघायचं आणि बोट बंद असेल तर वाद न घालता परत फिरायचं. 'जवळच तर आहे' हे वाक्य समुद्राला लागू पडत नाही.

भरती-ओहोटीचा हिशोब

हा भाग रीलमध्ये कुणी सांगत नाही. मुंबईच्या समुद्रात मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार ते पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे साधारण दीड मजला. ओहोटीला बेटाभोवती लांबवर चिखल उघडा पडतो. म्हणूनच शेतबंदरचा धक्का एवढा लांब समुद्रात काढलेला आहे आणि त्यावरून छोटी टॉय ट्रेन चालते. ती निव्वळ मुलांच्या मजेसाठी ठेवलीय असं वाटतं, पण तिची खरी गरज या लांबीमुळे आहे.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा आहे. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी अकरा-बाराला आणि ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. हिशोब ढोबळ आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते.

याचा उपयोग काय? पूर्ण ओहोटीला बोट धक्क्यापेक्षा खूप खाली असते. चढता-उतरताना शेवाळलेल्या पायऱ्या लागतात. शिवाय गर्दीच्या वेळी बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकत जावं लागतं. सोबत आजी-आजोबा असतील किंवा कडेवर बाळ असेल, तर ही वेळ टाळलेली बरी. पायात चप्पल नको, पकड असलेले बूट घाला आणि एक हात मोकळा ठेवा. त्या हातात मोबाइल नको.

बोटीत बसताना

१८ डिसेंबर २०२४. गेटवेवरून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही प्रवासी बोट. दुपारी चारच्या सुमारास नौदलाची एक स्पीडबोट इंजिनाची चाचणी घेत असताना नियंत्रण सुटून तिच्यावर येऊन धडकली. काही मिनिटांत नीलकमल बुडाली. १५ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. शंभराच्या आसपास लोकांना वाचवण्यात आलं. प्रवाशाने मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. स्पीडबोट वळसे घेत जवळ येते आणि मग कॅमेरा हलतो.

धडक बसली त्यात प्रवाशांची काहीच चूक नव्हती. पण नंतर जे पुढे आलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. नीलकमलला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची. प्रत्यक्षात त्याहून जास्त लोक होते. आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. धडकेनंतर जॅकेट शोधून, बांधून, मुलांना घालून होईल इतका वेळ मिळत नाही.

या अपघातानंतर महाराष्ट्र सागरी मंडळाने गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं केलं. आता नियम आहे. पण नियम अंगावर घालायचा असतो, सीटखाली ठेवायचा नसतो. म्हणून बोटीत बसल्यावर एवढं कराच.

जॅकेट लगेच घाला आणि सगळे पट्टे ओढून बांधा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि तोंडावर येतं. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट होत नाही, त्यातून मूल खाली सटकू शकतं. मुलांच्या मापाचं मागा. नसेल तर दुसऱ्या बोटीने जा.

बोटीची प्रवासीक्षमता किती ते बघा, कुठे लिहिलेलं दिसत नसेल तर विचारा. उभं राहायलाही जागा नसेल तर बसू नका, अर्ध्या तासाने दुसरी येते.

वरच्या डेकचं थोडं जास्त भाडं घेतात आणि वारा, फोटो यासाठी सगळे तिकडे धावतात. पण वर जितकं वजन जास्त तितकी बोट डोलायला सोपी. सगळे एकदम एका बाजूला गेले तर आणखी वाईट. समोरून कुणी ओरडलं "बघा बघा", तर जागेवरूनच बघा.

आणि सीगलना वेफर्स टाकायचा मोह आवरा. हे पक्षी हिवाळ्यात लांबून इथे येतात. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारवलेलं खायला घालून आपण त्याचं भलं करत नाही. शिवाय त्या नादात माणसं कठड्याबाहेर वाकतात ते वेगळंच.

वर गेल्यावर काय बघायचं?

टॉय ट्रेनने किंवा चालत पायथ्याशी जा. तिथून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. चढणं झेपत नसेल तर डोली मिळते, भाव आधी ठरवा. माकडांपासून सावध. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा थंड पेयाची बाटली दिसली की ती तुमची राहत नाही.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत.

मग क्रमांक एकचं लेणं. इथे बहुतेक लोक काय करतात? आत शिरतात, समोरच्या मोठ्या मूर्तीसमोर सेल्फी घेतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर. तसं करू नका.

ती मूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे. तिला आपण 'त्रिमूर्ती' म्हणतो आणि ब्रह्मा, विष्णू, महेश समजतो. शाळेपासून डोक्यात बसलेला हा गैरसमज. ते तिघं वेगळे देव नाहीत, तीनही चेहरे शिवाचेच आहेत. ही सदाशिवाची मूर्ती. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेला. तुमच्या डावीकडचा उग्र, मिशीवाला, तो अघोर म्हणजे भैरव. उजवीकडचा नाजूक, स्त्रीसारखा, तो वामदेव. संहार, सौम्यता आणि या दोन्हींच्या पलीकडची शांतता एका दगडात. समोर दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा.

मग बाजूच्या भिंतींकडे वळा. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. कैलास उचलायला निघालेला रावण, शिव-पार्वतीचं लग्न, त्यांचा सारीपाटाचा डाव, अंधकासुराचा वध, नटराज आणि योगी शिव. म्हणजे एकच देव नाचतो, लग्न करतो, खेळतो, मारतो आणि ध्यानाला बसतो. मधोमध चार दारांचा गाभारा, आत शिवलिंग आणि दारांवर उंचच उंच द्वारपाल.

हे सगळं डोंगर आत कोरत नेऊन केलंय. वरून खाली, बाहेरून आत. एक घाव चुकला की दगड परत चिकटवता येत नाही. काळ साधारण पाचव्या शतकाचा मध्य ते सहावं शतक. बहुतेक अभ्यासक याचा संबंध कलचुरी राजांशी जोडतात. नक्की कुणी कोरलं हे सांगू शकेल असा शिलालेख होता म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी इथून हलवला आणि पुढे हरवला.

हात-पाय तुटलेल्या मूर्ती बघून वाईट वाटतं. १५३४ मध्ये हा भाग पोर्तुगीजांच्या हातात गेला आणि त्यांच्या काळात मूर्तींची बरीच नासधूस झाली. पण आज भिंतीवर नाव कोरणारे पोर्तुगीज नाहीत, हेही तिथेच दिसतं.

वेळ असेल तर वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत. तिथून सगळं बंदर दिसतं. न्हावाशेवाच्या क्रेन, तेलाची जहाजं, अटल सेतू. आपण रोज जिथे राहतो तो भाग पाण्यातून कसा दिसतो, हे बघायला मजा येते.

आणि 'एलिफंटा'मधला हत्ती कुठाय? तो बेटावर नाही. राजबंदरजवळ दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला हे नाव दिलं. इंग्रजांच्या काळात तो उचलून न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा तो फुटला. पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडले गेले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. मुलांना दोन रविवारांत दोन्ही दाखवता येईल.

संध्याकाळची बोट सुटल्यावर बेटावर कोण उरतं?

हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण तेव्हा आपण लोकलमध्ये असतो. उरतात घारापुरीचे हजार-बाराशे गावकरी. पिढ्यानपिढ्या इथे राहणारे. दुकानं, खाणावळी, मार्गदर्शनाचं काम आणि मासेमारी यावर त्यांचं घर चालतं.

समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना या बेटावर संध्याकाळी काही तास डिझेल जनरेटर चालायचा आणि मग अंधार. मुलांचा अभ्यास त्या तीन-साडेतीन तासांत उरकायचा. फ्रिज ठेवण्यात अर्थ नव्हता. चोवीस तास वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. महावितरणने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, सुमारे २५ कोटी खर्च आला. जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्यावरही तीसेक वर्षं लागली.

वीज आली, पण बेट ते बेटच. किराणा, सिलिंडर, औषधं, बांधकामाची वीट, सगळं बोटीने येतं. म्हणून बेटावर पाण्याची बाटली दोन-पाच रुपये महाग असेल तर "लुटतात" असं स्टेटस टाकण्याआधी ती बाटली कशी आली हे आठवा. रात्री कुणाला बरं नसेल तर आधी बोट शोधावी लागते, मग दवाखाना. मोठ्या शिक्षणाला पलीकडे जायचं म्हणजे रोज समुद्र ओलांडायचा. तुम्ही परतीच्या बोटीचा जो हिशोब एक दिवस करता, तो ही माणसं रोज करतात.

आणि कचरा? तो येताना आपल्या पिशवीतून येतो, पण जाताना आपल्याबरोबर जात नाही. तो उचलायलाही बोटच लागते. नाहीतर ओहोटीच्या चिखलात अडकतो.

मायोर्काने काय शिकवलं?

आता परत त्या रीलकडे येऊ. मायोर्का, इबिझा, मेनोर्का यांचा मिळून बालेआरिक बेटांचा प्रांत होतो. लोकसंख्या बारा लाखांच्या घरात. २०२४ मध्ये तिथे आलेले पर्यटक पावणेदोन कोटींहून जास्त. पैसा आला, पण घरभाडी इतकी वाढली की तिथल्याच नर्सना, शिक्षकांना, हॉटेलात काम करणाऱ्यांना राहायला घर परवडेना. २१ जुलै २०२४ ला मायोर्काची राजधानी पाल्मा इथे हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं, पर्यटक यावेत, पण मर्यादेत.

सरकारने काही उपाय आधीपासून केले होते. २०१६ पासून तिथे पर्यटकाला दर रात्रीमागे कर द्यावा लागतो आणि तो पैसा पर्यावरण, वारसा अशा कामांसाठी वापरायचा असतो. २०२२ पासून पाल्मा बंदरात दिवसाला जास्तीत जास्त तीन क्रूझ जहाजांचा नियम आला.

घारापुरीची गोष्ट उलट्या टोकाची आहे. इथे पर्यटक येतात पण राहत नाहीत. बोटीचं भाडं बोटवाल्याचं, लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं. गावाच्या पदरात पडतो तो ग्रामपंचायतीचा किरकोळ कर आणि तुम्ही तिथे जे खाता, विकत घेता, त्याचे पैसे. मायोर्काला माणसं जास्त राहतात म्हणून त्रास, घारापुरीला फक्त फोटो काढून जातात म्हणून. दोन्हीकडे प्रश्न एकच. बेट ज्यांचं घर आहे, त्यांना आपल्या सुट्टीतून काय मिळतं?

याचं निम्मं उत्तर सरकारने द्यायचंय. सुरक्षित जेट्ट्या, मोजून प्रवासी, नवी मुंबईच्या बाजूने परवडणारी नियमित बोट. उरलेलं निम्मं आपल्या हातात आहे आणि ते फार महाग नाही.

तर प्लॅन असा

चार जणांचं कुटुंब धरलं, दोन मोठे आणि दोन शाळकरी मुलं, तर बोटीचं जाऊन-येऊन भाडं माणशी अडीचशे-तीनशेच्या घरात. लेण्यांचं तिकीट दोघांचं ८० रुपये. लोकल आणि टॅक्सी धरून जेवणासकट दोन हजारांच्या आसपास दिवस होतो. भाडं त्या दिवशी खिडकीवर बघून घ्या.

मंगळवार ते शुक्रवारपैकी एक रजा काढता आली तर उत्तम, नाहीतर रविवारी पहिल्या बोटींपैकी एक. पाणी घरून स्टीलच्या बाटलीत, ते माकडांपासून सॅकमध्ये बंद. टोपी, रोख सुटे पैसे, मुलांसाठी एक जादा कपड्यांचा जोड. डबा घरून नेऊ नका, जेवण बेटावरच घ्या. मच्छी-भात, चपाती-भाजी, सोलकढी मिळते आणि पैसे गावात राहतात. गाइड घ्यायचा तर बेटावरचाच घ्या आणि त्याला लेण्यांबरोबर गावाबद्दलही विचारा. रिकामी पाकिटं सॅकच्या एका कप्प्यात टाकून परत आणा.

आणि घरातून निघताना मोबाइलमध्ये एकच अलार्म लावा, दुपारी तीनचा. तो वाजला की जिथे असाल तिथून खाली उतरायला लागायचं. साडेतीनच्या बोटीत बसायचं, जॅकेट बांधायचं, पट्टे मुलांचेही तपासायचे आणि मग निवांत मागे वळून बेट बघायचं.